विकू नको, जपूही नको

पोरी, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं, दोनदा. माळा उपसून काय काय निघालं त्याची यादी फोटोंसकट पाठवलीस ते बरं केलंस. तांब्याचा हंडा, पितळी पातेलं, आजीची लुगडी, लंबकाचं घड्याळ, बिडाचा तवा, पानाचा डबा. वाचत वाचत एका ओळीपाशी आले आणि चष्मा काढून ठेवला. 'आजोबांचा घुंगरांचा चाळ मिळाला, पण एकच. जोडीतला दुसरा हरवलाय, सगळीकडे शोधला.'

अगं, दुसरा हरवला नाही. दुसरा नव्हताच. आपल्या जाखडी नाचात चाळ एकाच पायात बांधतात. तू आठ वर्षं भरतनाट्यम शिकलीस, दोन्ही पायांत घुंगरू बांधून परीक्षा दिल्यास, आणि स्वतःच्या घरातला नाच एका पायाने बोलतो हे तुला सत्ताविसाव्या वर्षी माझ्या पत्रातून कळतंय. कुणी सांगितलंच नाही तर तुला कसं कळणार, म्हणून ते सोडून देते. पण काका तिथेच ओटीवर बसलेला असणार. त्याला एक हाक मारायची सोडून तू माळ्यावर दुसरा चाळ शोधत राहिलीस, हे मला लागलं.

तो चाळ मी वाजताना ऐकलाय. तुमच्या गावच्या शाळेत मी नवी शिक्षिका होते, तुमच्याच पडवीतल्या खोलीत राहायचे. साल १९८२. जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला होता आणि भाद्रपद उजाडला तरी मिटायचं नाव नव्हतं. एरवी चतुर्थीला रजा काढून येणारे तुझे आजोबा त्या वर्षी उन्हाळ्यापासूनच घरी होते. पगार बंद. आजीने सणाला कुणालाच नवं कापड घेतलं नव्हतं. आणि गौरीच्या रात्री वाडीतले गडी तुमच्या अंगणात गोल उभे राहिले, मधे ढोलकीवाला आणि गाणारा बसला, आजोबांनी वाकून पायात चाळ बांधला. गण झाला, गवळण झाली, मग सवाल-जवाबाची गाणी. मी दारात समईची वात सारत उभी होते. सारवलेल्या जमिनीवर पाय पडतो ना, तेव्हा आधी तळव्याचा आवाज येतो, मग घुंगरू. दोन्हींच्या मधे केसाएवढं अंतर असतं. सगळ्यांचं ते अंतर एक झालं की अंगावर काटा येतो. मुंबईत याला बाल्या डान्स म्हणतात. कानात बाळी घालून कोकणातून चाकरीला गेलेल्या गड्यांना शहर 'बाल्या' म्हणायचं. त्यात मान नव्हता, पण नाव नाचाला चिकटलं ते चिकटलंच. तुझे आजोबा त्या नावाला कधी लाजले नाहीत.

पहाटे नाच थांबला तेव्हा त्यांनी चाळ सोडला, पंच्याने पुसला आणि खुंटीला अडकवला. ट्रंकेत नाही. खुंटीला. जाता-येता हात लागेल अशा जागी. तिथून तो माळ्यावर कुणी टाकला, तुला कळलं तर मला कळव.

आता तुझा प्रश्न. घर पाडायचं ठरलंय, जुन्या वस्तू घेणारा येऊन बघून गेलाय, त्याने हंड्याचा आणि घड्याळाचा भाव सांगितलाय. 'बाई, विकू की जपू?' एकाच पत्रात तीन वेळा. आणि खाली, जाता जाता लिहावं तसं: 'एवढं सगळं समोर पसरलंय, पण मला काहीच वाटत नाही.'

घर पाडण्याबद्दल मी बोलणार नाही. तो तुमच्या घरातल्या मोठ्यांचा विषय आहे, आणि ज्यांना दर मे महिन्यात कौलं परतायला माणूस मिळत नाही त्यांना लांबून शहाणपण शिकवू नये. वस्तूंचं मात्र सांगते. विकू नको. जपूही नको. वापर.

तुझ्या डोळ्यांसमोर काचेचं कपाट आहे, मला माहीत आहे. नव्या घरात एक भिंत, तिच्यावर दिवे सोडलेले, आत हंडा आणि घड्याळ. ते मनातून काढून टाक. आपल्या हवेत जपून ठेवलेली वस्तू मरते. चार महिने भिंतींना ओल सुटते इथे. रेशीम वर्षानुवर्षं त्याच घडीवर पडून राहिलं की घडीवरच विरतं. आजीचं जांभळं लुगडं उचललंस आणि ते सरळ रेषेत चिरत गेलं असं लिहिलंयस, ते उंदराने केलेलं नाही, पोरी, ते ठेवणीने केलंय. नेसलं असतं, वाळवलं असतं, घडी मोडून नवी घातली असती, तर अजून अंगावर आलं असतं. घड्याळाला चावी दिली नाही की आतलं तेल घट्ट होतं. बिडाच्या तव्याला तेलाचा हात लागला नाही की पावसाळ्यात आठ दिवसांत तांबडा होतो. चूल थांबली की धूर थांबतो, धूर थांबला की वाशांना कीड लागते. बंद घराला वाळवी आधी धरते हे तुला कुठलाही सुतार सांगेल. वापराने वस्तू झिजते, खरं आहे. पण झिजायला तिला तीन पिढ्या लागतात, आणि कुजायला दोन पावसाळे.

हे मी कुठे शिकले ते सांगते, म्हणजे म्हातारी हेका धरून बसलीय असं तुला वाटणार नाही.

माझ्या सासऱ्यांनी एक चावीचा ग्रामोफोन ठेवला होता, पेटीचा, कर्णा नसलेला. बरोबर बारा तबकड्या. लाखेच्या, जड, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं. पोलादी सुई एका बाजूला वापरली की बदलायची, नाहीतर बोथट सुई खाचा खरवडते. हे सगळं मला पाठ होतं आणि तेच माझ्या आड आलं. ह्यांना दिवेलागणीच्या वेळी गाणं लागावं असं वाटे. शाळेतून येऊन हातपाय धुऊन झोपाळ्यावर बसायचे आणि म्हणायचे, 'एकच लाव गं.' मी म्हणायची, 'खाचा झिजतील. दिवाळीला लावू.' दिवाळीला फराळ आणि पाहुणे. मग ठरलं मुलीच्या लग्नात लावायच्या. मुलीच्या लग्नात मांडवात स्पीकर होता. २००५ च्या जुलैत चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा मी सगळ्यात आधी उचलली ती तबकड्यांची ट्रंक. त्यानंतर ती पलंगाखालून निघून टेबलावर आली. त्यावर जुनी चादर, त्यावर प्लास्टिक. एवढं जपलं.

२०१९ मध्ये हे गेले. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी घरात आली. वरून न थांबणारा पाऊस, खाली भरती, पाण्याला जायला वाट नाही. आम्ही शेजाऱ्यांच्या गच्चीवर होतो. पाणी ओसरल्यावर दार खांद्याने ढकललं, टेबल उलटं पडलेलं आणि ट्रंक गाळात. उघडली. वर माझ्या आईचं लग्नातलं लुगडं होतं, त्याचा रंग खालच्या सगळ्यावर उतरलेला. डांबराच्या गोळ्या काळ्या चिखलात पांढऱ्याशुभ्र दिसत होत्या. तबकड्यांच्या कागदी पाकिटांचा लगदा होऊन खाचांत बसला होता, लेबलं सुटून गेली होती, पाच दुभंगल्या होत्या. मी एक एक धुऊन ओट्यावर लावत गेले. अकरा भरल्या. बारावी सापडली नाही. आणि त्या अकरा काळ्या थाळ्यांसमोर बसून मी मोजत होते की 'एकच लाव' हे ते किती वेळा म्हणाले असतील.

मला कुणी कंजूष म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही. माझ्या आईच्या घरी चांगलं लुगडं एक असायचं आणि ते पाच जणी आलटून पालटून नेसायच्या. वस्तू आली की ती पुन्हा येणार नाही हे धरूनच आम्ही वाढलो. जपणं ही आमची माया करण्याची रीत होती. ह्यांचं गाणं मी अडवलं ते ह्यांच्याच वडलांची आठवण राहावी म्हणून. तुला हे पटतंय ना? मला स्वतःला कधी पटतं, कधी नाही. पण एक सांगते, त्या वेळी कुणी मला खडसावून सांगितलं असतं की बाई, वापर, तर मी ऐकलं असतं. म्हणून तुला खडसावतेय.

आता गौरीच्या रात्रीचं. तू व्हिडिओ पाठवलास, अकरा मिनिटांचा. मी पूर्ण पाहिला. माजघरात पाट बाजूला केलेत, तुझी आई आणि धाकटी काकू फुगडी घालताहेत, आत्या टाळ्यांवर ताल धरतेय, पोरं कडेने धावताहेत. चौथ्या मिनिटाला आई थांबते, दम खाते, पदर खोचते आणि हात पुढे करते. कॅमेऱ्याकडे नाही गं, तुझ्याकडे. आणि तुझा आवाज येतो, 'थांब, उजेड छान पडलाय, तशीच राहा.' आईचा हात दोन क्षण तसाच राहतो. मग ती काकूकडे वळते.

ते दोन क्षण मी चार वेळा पाहिले. तुला काहीच का वाटत नाही हे विचारतेस ना, त्याचं उत्तर तिथे आहे.

आणि कारण काय देतेस? 'नाच सोडून सहा वर्षं झाली, अंगात राहिला नाही, अर्धवट करण्यापेक्षा नकोच.' म्हणजे नाचसुद्धा तू ट्रंकेत ठेवलास. फुगडीला कुठली परीक्षा असते? कोण गुण देणार होतं, तुझी आत्या? नाच वापरायचा असतो, पोरी. हंड्यासारखाच. तो पोचे पडलेलाच बरा दिसतो.

कशी घालायची ते लिहिते, कारण तू विसरली असशील, आणि विसरली नसशील तरी माझ्या हातून लिहून होऊ दे. समोरासमोर उभं राहायचं, चवडे चवड्यांना भिडवायचे. हात एकमेकांवर तिरपे टाकून घट्ट धरायचे, बोटांनी नाही, पंजाने, कारण बांगड्या आणि घाम दोन्ही निसटतात. मग मागे झुकायचं. इथेच नवशिकी घाबरते आणि कंबर पुढे घेते. घ्यायची नाही. सगळं वजन मागे सोडायचं, समोरचीनेही सोडायचं, दोघींची वजनं एकमेकींना तोलतात. तुझी आई तुझ्यापेक्षा जड असेल तर तू जास्त झुक. पाय उचलायचे नाहीत, चवड्यावर सरकवत फिरवायचे. आणि बघायचं जमिनीकडे नाही, भिंतीकडेही नाही, घेरी येते. समोरचीच्या कुंकवाकडे बघायचं. सगळं घर फिरतं आणि तेवढा एक कपाळाचा ठिपका स्थिर राहतो. आईचं कपाळ तू शेवटचं एवढ्या जवळून कधी पाहिलंस? थांबताना झटक्यात हात सोडायचा नाही. हळू व्हायचं, आणि पूर्ण थांबल्यावरही क्षणभर धरून ठेवायचं.

मी एकोणसत्तर वर्षांची आहे, डावा गुडघा दुखतो. या गौरीला मी सुनेबरोबर सात फेरे घातले. सून नको म्हणत होती. मी ऐकलं नाही.

तो गंजिफाही, गोल पत्त्यांचा संच, मला खटकला, तेही आताच बोलून घेते. सावंतवाडीहून दशावतारी गंजिफा आणलास, हाताने रंगवलेला, महाग, याचं मला खरोखर कौतुक वाटलं. चितारी घराण्यांची ही कला मोडीत निघाली होती. सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या दशकात राजवाड्यात कारागीर बसवून ती पुन्हा उभी केली. चिंचोक्याची खळ, वर रंग, वर लाखेची चकाकी. पण पुढे तू काय केलंस? आपल्या चिपळूणचा म्हणून परशुरामाची बारा पानं निवडलीस, चौकटीत बसवलीस आणि भिंतीला टांगलीस. उरलेली १०८ डब्यात. अगं, तो खेळ आहे! दहा अवतार, प्रत्येकाचा राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं, अशी १२०. तीन जणांना चाळीस-चाळीस वाटली की डाव बसतो. दिवसा मांडलात तर रामाच्या राजापासून सुरुवात, रात्री मांडलात तर कृष्णाच्या. परशुराम भिंतीवर गेला की उरलेल्या नऊ अवतारांचाही डाव मोडला. चौकट उघड, बारा पानं काढ. बाबा, काका आणि तू, तिघंच पुरता. लाखेचा गुळगुळीत गोल हातात धरून पसरायला आधी जमत नाही, पानं निसटतात, हसू येतं. बाबा पत्ते पिसताना ओठ दुमडतात, तू लहान असताना मला सांगितलं होतंस. मग ते बघायला बस ना.

तुझी शंका मला इथे बसून ऐकू येतेय. 'वापरलं आणि तुटलं तर?'

तुटेल. मी ह्याच वर्षी आईची लोणच्याची चिनी मातीची बरणी वापरायला काढली. दोन महिने तिच्यात कैरीचं लोणचं होतं. नातू झाकण उघडायला गेला आणि गेली, तीन तुकडे, तेल सगळ्या ओट्यावर. मी रडले. खोटं कशाला सांगू, बराच वेळ रडले. नातू कोपऱ्यात उभा होता, पांढरा पडून. पण पोरी, त्या दोन महिन्यांत त्याने रोज पानात वाढताना विचारलं होतं, 'हे पणजीच्या बरणीतलं का?' माझ्या आईला त्याने पाहिलेलं नाही. आता तो ती बरणी आणि ती बाई दोघींना ओळखतो. सत्तावीस वर्षं ती कपाटात उभी होती तेव्हा तिला कुणीही ओळखत नव्हतं. मुलगा म्हणाला, 'तरी मी सांगत होतो, शोसाठी ठेव.' मी दुसऱ्या दिवशी दुसरी बरणी काढली.

पितळी पातेल्याचं लक्षात ठेव, त्यात लगेच काही शिजवू नको. कल्हई उडालेली आहे, फोटोत आतून पिवळं दिसतंय. आमटी-सार कळकेल. आधी कल्हई करून घे, आणि भांडं नुसतं टाकून येऊ नको, आईला घेऊन समोर बस. भात्याने निखारा फुलतो, भांडं तापतं, नवसागर पडला की पांढरा धूर नाकात जातो, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने एकच फेर. पिवळ्या पितळेवर चांदी पसरत जाते. ते पाहताना माणसं बोलायची थांबतात. पहिल्या दिवशी त्यात खीर कर. हंड्याला चिंच-मीठ लाव, घास, आणि आंघोळीचं पाणी त्यातच तापव. घड्याळाला तेल देणारा माणूस शोध, आणि चावीची पाळी बाबांवर सोपव. दर रविवारी, जेवणाआधी. आठ दिवसांच्या चावीचं असणार ते. त्या आवाजाने घरात कोण कुठे आहे ते कळतं.

जांभळं लुगडं नेसण्याजोगं उरलेलं नाही. त्याची गोधडी करून घे. आणि पांघर. कपाटात ठेवलेली गोधडी मला दाखवायला आणू नकोस.

लिहीत काय बसले आहे, मूळ गोष्ट राहूनच गेली. ग्रामोफोनची पेटी पुरातून वाचली होती, कपाटाच्या माथ्यावर होती म्हणून. चार वर्षं मी तिला हात लावला नव्हता. या श्रावणात दुरुस्तीला दिली. आतलं वंगण दगड झालं होतं, स्प्रिंग बदलावी लागली. कारागिराने झाकण उघडलं तेव्हा झाकणातल्या कप्प्यात तबकडी निघाली. बारावी. तिचं लेबल पार पुसट झालंय, काय गाणं आहे ते वाचता येत नाही. कधीतरी ह्यांनी माझी नजर चुकवून लावली असेल आणि तिथेच राहिली असेल. मी घरी नसताना. असं मला वाटतं.

मी ती अजून लावलेली नाही. महिना झाला. रोज पेटी पुसते, चावी देते, हात थोडा थांबतो आणि झाकण लावते. तुला एवढं सगळं ऐकवणारी मी. सुया नव्या आणल्यात, पुडी न फोडता ठेवलीय.

तू दिवाळीला ये, मग लावू, असं लिहिणार होते. नको. येत्या रविवारी ये, आईला घेऊन, पाचच्या एसटीने आलात तर दिवेलागणीला पोचाल. चाळ आण. मी घावनं करते.

तुझी
बाई